भागिले मिरची

मंगळवार. तळेकातळ विमानतळावरून मस्कतला गेलेला माल: हापूस, अकराशे पेट्या. सुरमई, बर्फात. अबोलीचे गजरे, दोन टोपल्या. रिकामी शवपेटी एक, परत. घरगुती मसाला, पंधरा किलो. पाठवणार, कल्पिता महेंद्र भुवड.

*

मसाल्याला ब्याडगी मिरची रंगासाठी आणि लवंगी जिभेसाठी. वर सात दिवसांचं ऊन. अंगणातलं ऊन चालत नाही, तिथे माडाची सावली फिरत राहते. सड्यावरच्या उघड्या कातळावर चादर अंथरायची, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवायचे, आणि विमान उतरताना चादर उडू नये म्हणून पाचवा मधोमध.

*

नियम अकरा. टाकी उपसणाऱ्या चालकाला काही वेगळं आढळल्यास त्याला शेरा लिहिण्याचा अधिकार राहील. शेरा आल्यास फेरतपासणी होईपर्यंत त्या विमानाचे प्रवासी थांबवावेत. शेरा देणाऱ्याचं नाव प्रवाशांना दिसेल अशा जागी लावावं.

(नियम होऊन सहा वर्षं झाली. शेऱ्याचा रकाना कोरा.)

*

आवाजी निरोप, गुरुवार:

"कल्पे, मसाला पोचला गो. पेटी उघडली नि सगळी मेस शिंकायला लागली. उद्या संमेलन. ह्या टायमाला रश्शाच्या पैजेत आपली वाडी हरत नाय बघ. शनवारी येतूय. भाऊला सांग, नारळ जून आण म्हणावं. गेल्या वर्षासारखे कवळे आणलंन तर त्याच्याच डोस्क्यात फोडीन."

*

मिरचीच्या झाडाला एक रोग होतो. पानांवर फिकट ठिपके पडतात आणि मिरच्या वेड्यावाकड्या धरतात. त्याचा विषाणू माणसाला काहीही करत नाही. पण तो भारी चिवट असतो. उन्हात वाळवा, कांडा, तेलात परता, चावा, गिळा. बराचसा शाबूत राहतो, आणि एक-दोन दिवसांत माणसाच्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो.

*

सात वर्षांच्या मुलीची वेणी कशी घालायची ते एक आचारी शेजारणीकडून शिकला. त्याच्या हाताला सवय पोत्यांची तोंडं बांधायची. मुलगी दिवसभर शाळेत भुवया ताणून बसायची. बाई विचारायच्या, एवढं कसलं आश्चर्य वाटतंय?

*

शनिवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मस्कतचं विमान तळेकातळला टेकलं. कल्पिता भुवडने आपली टाकीगाडी त्याच्या शेपटाखाली नेऊन उभी केली, हातमोजे चढवले, नळी जोडली आणि खटका ओढला. विमानाच्या संडासाची टाकी गडगडत रिकामी व्हायला लागली.

विमानतळावर कामाला आहे म्हटलं की लोक तिला विचारत, "आत असतेस की बाहेर?"

"खाली," ती म्हणायची.

विमानतळ व्हायच्या आधी हा सडा म्हणजे नुसता काळा कातळ होता. पावसाळ्यात त्यावर महिनाभर फुलं यायची, बाकी अकरा महिने तिथे कुणाचं काही काम नसे. आता चाळीस गावांचं घड्याळ सड्यावर होतं. मस्कतचं विमान शनिवारी म्हणून आठवड्याचा बाजार गुरुवारचा शनिवारी आला. सकाळची एसटी विमान उतरल्याशिवाय निघेना. भटजी लग्नाचा मुहूर्त काढताना पंचांग एका मांडीवर आणि विमानांचं वेळापत्रक दुसऱ्या मांडीवर ठेवायचे. झाडावरचा आंबा संध्याकाळी मस्कतच्या ताटात असे. आणि परदेशात कुणी वारलं तर चौथ्या दिवशी घरच्यांना शेवटचं तोंड बघायला मिळे. पूर्वी नुसती तार यायची, मग नुसता फोन.

सडा विमानतळाला देऊ नये म्हणून ग्रामसभेत पहिला हात वर झाला होता तो यशवंत बारेचा. आता वर्षातून एकदा विमानाच्या शिडीवरून पहिला उतरणाराही तोच असायचा.

यशवंत म्हणजे कल्पिताचा मामा. आई गेली तेव्हा कल्पिता सात वर्षांची. मामाने लग्न केलं नाही. "भांडी घासायला एक भाची पुरे" असं तो लोकांना सांगे. प्रत्यक्षात भांडी तोच घासायचा. ती दहावी झाल्यावर तो मस्कतला एका कामगारांच्या मेसमध्ये आचारी म्हणून गेला आणि तिथून फोनवर तिला गाडी चालवायला लावली. "बाईच्या जातीला स्टेरिंग येवक् व्हया," हे त्याचं वाक्य त्याने कुठल्या तरी मालवणी दोस्ताकडून उचललं होतं. तळेकातळला टाकीगाडीवर माणूस पाहिजे असल्याची जाहिरात आली, सगळ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा मामाचा फोन आला: "अगो, मी चोवीस वर्षं एका टोकाचं बघतूय, तू दुसऱ्या टोकाचं बघ. मधल्यांनी नाकं मुरडू देत."

यंदाही तो वाडीच्या वार्षिक सत्यनारायणाला येत होता. रविवारी पूजा, चारशे माणसांचं जेवण, आणि जेवणात मामाची सोलकढी. उसळ, भात, वडे कुणीही करो. सोलकढीच्या टोपाला मात्र दुसऱ्याने हात लावायचा नाही. नारळाचं दूध तो स्वतः फडक्यात घालून पिळायचा, कोकमं स्वतः कुस्करायचा. चूल नाही, उकळी नाही. सगळी हाताची करामत.

*

टाकी उपसून झाल्यावर गाडीतला कपभर नमुना आपोआप खोक्यात जायचा. या खोक्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. विमानतळावर सगळे त्याला कौल म्हणत, कारण देवळातल्या कौलासारखा तो फक्त उजवा किंवा डावा द्यायचा. हिरवा दिवा म्हणजे उजवा: प्रवासी घरी. लाल म्हणजे डावा: सगळे हॉलमध्ये थांबा.

खोक्यात एक पातळ पडदा होता आणि पडद्याला सुईच्या टोकाहून हजारो पट बारीक भोकं. घाणीत जे जे म्हणून जिवंत होतं किंवा कधीतरी होतं, त्याच्या जनुकांचे धागे या भोकांतून एकेक करून ओढले जात. धागा सरकताना भोकातून वाहणारी वीज किंचित कमीजास्त होते, आणि त्या चढउतारावरून धाग्यावरची अक्षरं वाचता येतात. हा कॉलऱ्याचा, हा काविळीचा, हा मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा. विमान उतरल्यापासून सामान मिळेपर्यंत वाचून व्हायचं. कुणाला नाव विचारायचं नाही, कुणाला सुई टोचायची नाही. एक आजारी माणूस चाळीस गावांत पोचायच्या आधी, त्या चाळीस गावांच्या दाराशीच कळायचं.

अडचण एकच होती. एखाद्या विमानात चाळीस माणसं संडासात गेलेली असतात, एखाद्यात दीडशे. तापाचे धागे दहा सापडले, तर ते फार की थोडे? मग मोजपट्टी लागते. शास्त्रज्ञांनी शोधलं, असं काय आहे जे प्रत्येकाच्या पोटातून बाहेर येतं? उत्तर आलं, मिरचीचा विषाणू. जगात बहुतेक सगळे थोडं ना थोडं तिखट खातात. जितका मिरचीचा विषाणू जास्त, तितकी माणसं जास्त. म्हणून तापाच्या आकड्याला मिरचीच्या आकड्याने भागायचं आणि हजारांत किती ते काढायचं. तीनच्या वर गेला तर डावा.

कल्पिताला सहा वर्षांत मिरचीवरून विमान ओळखता येऊ लागलं होतं. मस्कतचं विमान आठ हजार. लंडनहून पर्यटक घेऊन यायचं ते दीड हजार. एकदा कोल्हापूरकडचं वऱ्हाड दोह्याहून आलं तेव्हा अकरा हजार.

त्या शनिवारी पडद्यावर आलं:

ताप ६४
मिरची ६४,०००
हजारी १
उजवा.

ती आधी हसलीच. चौसष्ट हजार! संमेलनात मामाने पंधराच्या पंधरा किलो घातला की काय? मस्कतच्या कोकणवासीयांच्या संमेलनात जेवणानंतर पैज लागते. गावागावांची माणसं समोरासमोर बसून रश्शाच्या वाट्या पितात, डोळ्यांतून पाणी काढणारा हरला. गुरुवारपासून मेसमध्ये रस्सा उकळत असणार. शुक्रवारी रस्सा, शनिवारी विमान. हे सगळं तिच्या टाकीत आलं होतं.

मग तिचं हसू पहिल्या ओळीवर जाऊन थांबलं. मस्कतच्या विमानात तापाचा आकडा दोन, तीन, फार तर पाच असायचा. चौसष्ट तिने कधी बघितला नव्हता.

हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

*

विमानतळाच्या आरोग्य अधिकारी डॉ. सानिया मुकादम, वय एकतीस, माहेर दाभोळ, यांच्या हातात चहाचा कप होता.

"उजवा दिलाय ना, कल्पिताताई? मग?"

"चुकीचा दिलाय, मॅडम."

"कौल चुकतो?"

"कौल नाय चुकत. मिरची चुकली." कल्पिताने मोजा काढला आणि बोटांवर मोजायला लागली. "माणसं एकशे बहात्तर, दर शनिवारी असतात तेवढीच. टाकी एकशे चाळीस लिटर, दर शनिवारी असते तेवढीच. आणि मिरची आठपट. माणसं वाढल्यामुळे नाय वाढली मॅडम. मसाल्यामुळे वाढली. मीच पाठवलाय तो."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे भागायला पाहिजे होतं..."

"आठ हजाराने."

"चौसष्ट भागिले आठ हजार."

"हजारी आठ."

बाहेर सामानाचा पट्टा सुरू झाल्याची घंटा वाजली.

"मुदतीचा ताप, आणि आकडा आठ," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आखातातला सध्याचा ताप कुठल्याच गोळीला जुमानत नाही. ताई, उजवा कौल असताना मला कुणाला अडवता येत नाही. मला अधिकारच नाही." त्यांनी टेबलाच्या खणातून कोरी वही काढली. "तुम्हाला आहे."

*

काचेपलीकडे मामा सामानाच्या पट्ट्याशी उभा होता. डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी, काखेत सोलकढीचं फडकं गुंडाळून ठेवलेली पिशवी. ते फडकं तो सामानात टाकत नसे. शेजारच्या माणसाला काहीतरी सांगत होता. हातवाऱ्यावरून कळत होतं की पैज वाडीने जिंकली.

कल्पिताच्या मनात आलं, त्याला नुसता फोन करावा. मामा, उद्या तू टोपात हात घालू नको. काहीतरी कारण सांगता येईल.

आणि बाकीचे एकशे एकाहत्तर?

मग तिला गेल्या वर्षीचा त्याचा निरोप आठवला. मेसमधली दोन पोरं तापाने आडवी झाली होती. औषध लागू पडेना. मामा रोज त्यांना स्वतः भरवत होता. ही आठवण तिला नको होती. ती आली आणि जाईना. विमानात एकशे बहात्तर माणसं होती, आचारी एकच.

आचाऱ्याच्या हाताला एकदा बोल लागला की संपलं. पुढे त्याने हात कितीही धुवावेत. वाडी उद्या काय म्हणेल, मस्कतची मेस काय म्हणेल. आणि तो बोल कोण लावणार? ज्या डोक्याची वेणी त्या हातांनी घातली, ते डोकं.

सगळ्यांना सामान मिळायला अजून सात मिनिटं. पट्ट्यावर पहिली दोरीने बांधलेली खोकी यायला लागली होती.

तिने लिहिलं:

"माणसं तेवढीच. टाकी तेवढीच. मिरची आठपट, कारण काल तिकडे रस्सा झाला. आज मिरचीने भागू नये. क. म. भुवड, टाकीगाडी."

बाहेर पडायचं दार बंद झालं. हॉलच्या फलकावर अक्षरं आली: प्रवासी थांबवले आहेत. शेरा देणार: क. म. भुवड.

*

"कोण हा भुवड?"

"बाहेर पोरगी उभी हाय माझी, दीड वर्षाची, मी अजून बघितली नाय तिला!"

"साहेब, माझा पापलेट वितळतोय." "तिकडून पापलेट आणलास? कोकणात?"

"टाकीगाडी म्हंजे काय? ती... ती गाडी? अरे द्येवा."

फोनवर महेंद्र, कल्पिताचा नवरा, बाहेर टेम्पो घेऊन उभा: "अगो, तुझं नाव कशाला लागलंय बोर्डावर? भाऊ इथे पेटलाय नुसता."

मागून भाऊ, वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष, फोनमध्ये तोंड घालून: "कल्पिता! उद्या पूजा हाय, चारशे पान हाय, आचारी आत डांबलास! तुमच्या त्या गटारातल्या मशनीपायी द्येवाचं काम अडवतेस?"

आणि या सगळ्यात मामा. फलकाखाली उभा राहून, मान वर करून, एकेक अक्षर वाचून तो मोठ्याने हसला. "आमची कल्पी हाय ती! भाची माझी. इमान अडवलंन! काय समजलात?" शेजारचा माणूस चिडून म्हणाला, "शिव्या घालायच्या की हसायचं?" मामा म्हणाला, "तिने अडवलंन म्हंजे कायतरी असणार. बसा गप. खजूर खावा."

काचेआड कल्पिताने हे ऐकलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

फेरतपासणीत खोक्याने मिरची सोडून टाकीच्या पातळीने, म्हणजे ती किती भरली होती त्याने, भागलं. डावा.

मग प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब. मुदतीच्या तापाचा जंतू अंगावर एक कवच घालून असतो. आजारी पडून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या कवचाची ओळख थोडी थोडी पुसत जाते. पण काही माणसांच्या पित्ताशयात हा जंतू बिऱ्हाड करून राहतो. त्या माणसाला ताप नाही, थकवा नाही, काही म्हणजे काही नाही. दोन वेळ जेवतो, हसतो, पैज जिंकतो. रक्ताला मात्र कवचाची ओळख रोज नव्याने पटत असते, आणि पट्टीवर दुसरी रेघ ठळक उमटते.

एकशे बहात्तर पट्ट्या टेबलावर मांडल्या. एकशे एकाहत्तरांवर एक रेघ.

डॉक्टरांनी मामाला बाजूच्या खोलीत बसवून सगळं समजावलं. कल्पिता दाराशी उभी होती. मामाने मध्ये एकदाही विचारलं नाही, मीच कसा, मशीन चुकलं असेल, असं काही. त्याने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हंजे सोलकढी," तो म्हणाला.

त्याने हात उलटे करून तळवे बघितले.

"बाकीचं शिजतं. सोलकढी शिजत नाय." मग, "त्या दोन पोरांना ताप चढला, तवा त्यांच्या पोटाला थंड पडावं म्हणून मी रोज सकाळी पिळून द्यायचो. रोज."

"दोघं बरे झाले, मामा."

"चाळीस दिवसांनी झाले."

ती पुढे झाली. त्याने हात झटकन पाठीमागे नेले. "लावू नको हात."

"हात लावून काही होत नाही, बाबा," डॉक्टर म्हणाल्या. "साबणाने नीट धुवा, आणि बरे होईपर्यंत दुसऱ्यासाठी न शिजणारं काही करू नका. शिजणारंही नकोच. पित्ताशय काढलं की बहुतेक जण सुटतात. जंतू खाणारे विषाणूही आलेत आता, गोळ्यांना न जुमानणाऱ्यासाठीच. तुम्ही कुणाचं मुद्दाम काही केलेलं नाही."

मामाने मान हलवली. पटलं म्हणून की ऐकू आलं म्हणून, कळलं नाही. मग कल्पिताकडे वर बघून म्हणाला, "बोर्डावर नाव लिवायला लागलं तुला?"

"नियम आहे."

"आत कोण हाय ते ठावं होतं?"

"संशय होता."

"तरी लिवलंस."

तिने मान खाली घातली.

मामा डॉक्टरांकडे वळला. "उद्या चारशे माणसं जेवणार व्हती, डॉक्टरीणबाय. त्यात पोरं असतात. वाटीवर वाटी पितात माझी सोलकढी." नाक ओढलं. "भागाकार हिला मीच शिकवला. शेंगदाण्यांवर. बाकी उरलेले खाऊन टाकायची."

*

रविवार. पूजेच्या मांडवापासून दहा हात दूर, फणसाखाली, एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत मामा, दोन्ही हात काखेत घट्ट धरलेले, जणू ते सुटून पळतील.

टोपापाशी भाऊ. साबणाने कोपरापर्यंत तीनदा धुवून घेतलेला.

"पिळतोयस का कुरवाळतोयस? म्हस हाय का ती?"

"यशवंता, अध्यक्ष हाय मी!"

"नारळाला सांग. फडक्याला पीळ दे, उलटा. उलटा! तुझा उजवा हात खंयचा?"

बायका हसून वाकल्या. कालपर्यंत वाडीत कुजबुज होती. सकाळी दोन घरांनी जेवायला येणार नाही म्हणून कळवलं होतं. पण मामाने स्वतःच मांडवात येऊन, माइक हातात न घेता, सगळ्यांदेखत सांगितलं: माझ्या पोटात हा जंतू हाय, मी कशाला शिवणार नाय, माझं ताट-वाटी वेगळं ठेवा, आणि कोणाला गेल्या वर्षी पूजेनंतर ताप येऊन गेला असेल तर विमानतळावर जाऊन रक्त देऊन या, फुकट हाय. लपवाछपवीला त्याने जागाच ठेवली नाही, त्यामुळे कुजबुजायला काही उरलं नाही. दोन घरांपैकी एक बाराच्या सुमारास आलं. दुसरं आलं नाही.

सोलकढी झाली. मामाने वास घेतला, लांबूनच. "ताक झालंय," म्हणाला. "पण चालंल."

पूजा आटोपल्यावर गाऱ्हाणं घालायचा मान भाऊचा. चारशे माणसं हात जोडून उभी राहिली. भाऊने खाकरून सुरुवात केली.

"बा गावदेवा महाराजा! आज तुझी लेकरं एका मांडवात जमली, एका पंगतीला बसणार, ती सगळी धडधाकट ठेवलीस."

"व्हय महाराजा!"

"सडा दिला तवा आम्ही रडलो. त्याच सड्यानं काल आमची राखण केली."

"व्हय महाराजा!"

"जी गाडी बघून आम्ही नाकाला रुमाल लावला, तिच्या टाकीला नि तिच्या चाकाला यश दे. आमच्या पोरीच्या हिशोबाला यश दे. दाभोळच्या डॉक्टरीणबायला यश दे. हिकडच्या मिरचीला यश दे, पर बेतानं."

"व्हय महाराजा!"

"यशवंताच्या पोटातलं बिऱ्हाड बाहेर काढ, नि त्याचा हात पुन्यांदा टोपात घाल."

यावर चारशे माणसं जे ओरडली ते धावपट्टीवर ऐकू गेलं असावं.

"आणि महाराजा, काल जो कोण त्या मशनीला नि पोरीला नको ते बोलला असंल..."

"त्यो तूच व्हतास!" फणसाखालून आवाज आला.

"...त्याला पदरात घे," भाऊ घाईघाईने म्हणाला.

कल्पिता बायकांच्या रांगेत होती. तिनेही व्हय महाराजा म्हटलं. ती देवाचे आभार मानत होती, पण कशाकशाचे ते तिला रांगेत लावता येत नव्हतं: मामाच्या हसण्याचे, कोऱ्या वहीचे, की पंधराच्या पंधरा किलोचे.

*

ऑगस्टमध्ये सगळ्या विमानतळांना पत्रक गेलं. नुसत्या मिरचीने भागू नये. टाकीची पातळी धरावी. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर चालकाला विचारावं. पत्रकात याला "तळेकातळ दुरुस्ती" म्हटलं होतं. कल्पिताचं नाव नव्हतं. डॉ. सानिया चिडून पत्र लिहायला बसल्या.

"राहू दे मॅडम," कल्पिता म्हणाली. "नाव एकदा लागलंय बोर्डावर. पुष्कळ झालं."

*

ऑक्टोबरमधली सकाळ. मामाचं पित्ताशय काढून तीन महिने झाले होते. ते काढायला तो तळेकातळवरूनच विमानाने मुंबईला गेला आणि सहाव्या दिवशी परत तळेकातळलाच उतरला. महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन तपासण्या कोऱ्या निघाल्या. मस्कतच्या मेसने त्याला परत बोलावलं होतं. तापातून उठलेल्या दोन पोरांपैकी एकाने फोन करून विचारलं होतं, काका, कधी येताय, इथला आचारी डाळीत साखर घालतो.

दुपारचं विमान. कल्पिता कामावर जायला तयार होऊन स्वयंपाकघरात आली तर मामा पाटावर बसलेला, समोर परात, हातात ओल्या खोबऱ्याचं फडकं. तो पिळत होता. मधूनच थांबून हातांकडे बघत होता आणि पुन्हा पिळत होता.

त्याने वाटी भरली आणि तिच्यापुढे ठेवली. स्वतः ठेवली, पण सरकवली नाही. घ्यायची की नाही हे तिच्यावर सोडलं.

तिने वाटी उचलली. एका घोटात अर्धी, दुसऱ्यात उरलेली. रिकामी वाटी परत त्याच्यापुढे केली, आणखी घाल म्हणून.

मामा तिच्या तोंडाकडे बघत होता. "कशी हाय?"

"मीठ कमी."

"पाच महिन्यांनी पिळली गो," तो म्हणाला, आणि मिठाच्या बरणीकडे हात नेला.

*

वाडीच्या पूजेला चारशे बारा पानं उठली होती. त्यानंतरच्या एकवीस दिवसांत तळेकातळच्या चाळीस गावांत मुदतीच्या तापाचा एकही रुग्ण आढळला नाही.